दुष्काळी सालात माळालगतचं शेत: पीक, पाणवठा आणि रानातली जनावरं

करमाळा, नगरकडचं कर्जत, जत, आटपाडी, माण, बारामती-दौंडचा जिरायती भाग. या पट्ट्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर साल बरं गेलं म्हणतात. शेत आणि माळ यांच्यामध्ये बांधापलीकडे काही नसतं, आणि ज्वारी-हरभऱ्यात हरणं शिरणं इथे नवं नाही. पाऊस हुकलेल्या वर्षी मात्र गणित बदलतं. माळावरचं गवत दिवाळीपर्यंत वाळतं, ओढ्यातले डोह आटतात आणि शिवारात हिरवं किंवा ओलं जे काही उरतं ते तुमच्या शेतात असतं. अशा वर्षी काळवीट, रानडुक्कर आणि मोर शेतात येतात ते मुख्यतः पाण्यासाठी आणि ओल्या चाऱ्यासाठी. म्हणून पाणी कुठे ठेवायचं, हे दुष्काळी वर्षात सगळ्यात आधी ठरवायला हवं. पिकाची राखणही बरीचशी त्यावरच अवलंबून असते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. संस्थानी काळात यातली बरीच रानं शिकारीसाठी राखीव होती. कोल्हापूर दरबारात तर काळविटाच्या शिकारीला चित्ते पाळत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी, आणि शिकार बंद झाली. काळवीट, चिंकारा, मोर आणि लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत. फास लावणं, विष घालणं, सापळा रचणं हेही कायद्याने शिकारच. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांचा उपद्रव फार असेल तर वन विभागाकडे लेखी अर्ज करता येतो. परवानगी हातात नसताना काहीही करू नये.

जुलै-ऑगस्ट: साल ओळखा

पाऊस कमी झाला एवढ्यावरून दुष्काळ ठरत नाही, तो कधी थांबला यावर ठरतो. २०२३ साली जुलैमध्ये बऱ्याच भागात बरा पाऊस झाला आणि ऑगस्ट कोरडा गेला; १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. खरिपाची बाजरी फुलोऱ्यात असताना ओल संपली आणि ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जाहीर होईपर्यंत थांबलात तर निम्मे निर्णय हातातून गेलेले असतात.

शेतावर तीन गोष्टी दर आठवड्याला लिहून ठेवा: पर्जन्यमापकातला पाऊस, विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि एक फूट खोलीवरची ओल. ओल पाहायला यंत्र लागत नाही. एक फूट खणून मूठभर माती घट्ट दाबा. काळ्या मातीचा लाडू बनून टिकला तर ओल आहे. बोट लावताच फुटला तर पीक ताणावर आलंय. विहिरीची पातळी मोजताना दोर नेहमी त्याच दगडावरून सोडा, नाहीतर नोंदीला अर्थ राहत नाही.

पेरणी लांबली तर पीक बदला, हट्ट करू नका. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, मटकी आणि एरंडी चालतात. ऑगस्ट लागला की बाजरी सोडा. तूर, सूर्यफूल, एरंडी आणि हुलगा एवढंच उरतं. यात एरंडीकडे वन्यप्राणी सहसा फिरकत नाहीत, म्हणून माळाच्या बाजूच्या पट्ट्यात ती लावावी. तूर हरणांना आवडते. ती वस्तीच्या बाजूला ठेवा.

धूळपेरणी करणार असाल तर बियाण्याकडे नीट लक्ष द्या. थायमेथोक्झामसारखं कीटकनाशक चोळलेलं बी कोरड्या मातीत उघडं पडलं की पाऊस येईपर्यंत आठ-दहा दिवस ते मोर, तित्तर आणि लाव्यांच्या समोर असतं. पाभर वळवताना कोपऱ्यावर बी सांडतं, तिथेच पक्षी सगळ्यात आधी येतात. बी ५ ते ७ सेंटिमीटर खोल पडू द्या, पाठोपाठ फळी फिरवा, कोपऱ्यावर सांडलेलं हाताने मातीआड करा. उरलेलं चोळलेलं बी बांधावर टाकू नका. खोल खड्डा घेऊन पुरा.

रब्बीची ज्वारी: ओल धरण्याची कामं

सप्टेंबर-ऑक्टोबर हाच दुष्काळी शेतकऱ्याचा खरा हंगाम. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या खिडकीत ज्वारी पडली पाहिजे. वाण जमिनीच्या खोलीवरून निवडा. एक फुटापर्यंतच्या हलक्या जमिनीत फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, खोल काळ्या रानात फुले वसुधा. हलक्या रानात वसुधा पेरली की ती डिसेंबरपर्यंत डौलात उभी राहते आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपते.

पेरणीआधी, शेवटच्या पावसाच्या तोंडावर, रानात साधारण १२ फूट बाय १२ फुटांचे सपाट वाफे पाडा. पडलेलं पाणी जागेवर मुरतं, उताराने वाहून जात नाही. एकरी ४ किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत अर्धा फूट. काणी रोगासाठी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. दुष्काळात बियाणं वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. दाट पिकाला ओल पुरत नाही.

'एक कोळपणी, अर्धं पाणी' ही म्हण या जमिनीने खरी केली आहे. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या. तिसरी दातेरी कोळप्याने करा. तोवर काळ्या मातीला भेगा पडायला लागलेल्या असतात आणि त्यांतून खालची ओल उडते. दातेरी कोळपं माती ढिली करून भेगा बुजवतं. ही तिसरी कोळपणी लोक मजुरी वाचवायला सोडतात, आणि दुष्काळात सगळ्यात जास्त कामाची तीच असते.

पीक वाचवण्यापुरतं एकच (संरक्षित) पाणी असेल तर ज्वारीला पोटरीत, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्या. हरभऱ्याला एकच असेल तर फुलं लागायच्या सुमारास, ४० ते ४५ दिवसांनी. ताण जाणवायला लागल्यावर १०० लिटर पाण्यात १ ते २ किलो पोटॅशियम नायट्रेट मिसळून फवारल्यास पीक काही दिवस तग धरतं. ही फवारणी सकाळी लवकर करा.

दाणा भरताना ओल तुटली की ज्वारीवर खडखड्या येतो. बुरशी मुळांतून खोडात चढते, आतला गाभा पोकळ होतो, वरून हिरवं दिसणारं ताट वाऱ्याने मोडून पडतं. आडवी पडलेली कणसं रानडुकरांना आयती मिळतात, आणि एकदा चटक लागली की ती उभ्या पिकातही घुसतात. म्हणून ताटं लोळायला लागली की दाणा पूर्ण कडक व्हायची वाट न बघता पडलेला पट्टा आधी काढून घ्या.

ताणातली ज्वारी आणि विषबाधा

याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण दर दुष्काळात यात गुरं दगावतात. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि कापणीनंतर बुडख्यातून आलेल्या फुटव्यांत धुरीन नावाचा घटक साठतो. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. चारा खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, ते थरथरून आडवं पडतं. उपाय पशुवैद्यकाच्या इंजेक्शनात आहे, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

साधे नियम असे. ४५ ते ५० दिवसांच्या आतली, फुलोऱ्यात न आलेली ज्वारी ओली कापून घालायची नाही. गुडघ्याएवढे फुटवे असलेल्या रानात गुरं मोकळी सोडायची नाहीत. ताण बसल्यावर अचानक एक पाऊस झाला आणि ज्वारी तरारली तर पुढचे आठ-दहा दिवस तिला हात लावायचा नाही. कापून उन्हात नीट वाळवल्यावर विषारीपणा बराच उतरतो, म्हणून कडबा सुरक्षित असतो.

चाऱ्याचा दुसरा धोका युरियाचा. वाळलेल्या कडब्यावर युरिया प्रक्रिया करणं चांगलंच: १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून प्लास्टिकने २१ दिवस हवाबंद. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नये. मात्र युरियाच्या पाण्याची बादली, ठिबकची खताची टाकी किंवा ड्रम उघडा राहिला तर तहानलेलं जनावर, तुमचं असो की रानातलं, ते पाणी पिऊन तासाभरात मरू शकतं. झाकण लावा, वर दगड ठेवा.

पाणवठा: दोन हिशेब

'माणसाला प्यायला नाही आणि हरणांना कुठून देऊ,' हा प्रश्न योग्य आहे, म्हणून आकडे बघा. एक एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे दोन लाख लिटर. वीस काळविटांचा कळप, ससे, खोकड, मोर, पाखरं यांच्या पाणवठ्याला रोज १५० ते २०० लिटर लागतात. फेब्रुवारी ते मेअखेर १२० दिवस धरले तर जास्तीत जास्त २४ हजार लिटर. एका एकराच्या एका पाण्याचा हा आठवा हिस्सा. तेवढ्यात कळप ठिबकच्या नळ्यांपासून आणि कोवळ्या उसापासून लांब राहतो.

तोंडात पाणी यावं म्हणून डुकरं, खारी आणि उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात. नवी नळी टाकण्याआधी पाण्याची सोय करून बघा. नळ्या पाच सेंटिमीटर मातीखाली गाडल्या तर आणखी बचत होते.

काळवीट उन्हाळ्यात जवळपास रोज पाण्यावर येतं. चिंकारा चाऱ्यातल्या ओलाव्यावर बराच काळ भागवतो, तरी उन्हाळ्याच्या टोकाला तोही येतो. पखुर्ड्या ही माळावरची पाखरं तर रोज ठरल्या वेळी, मैलोन्‌मैल उडून पाण्यावर उतरतात.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. पिकापासून किमान २००-३०० मीटर लांब, माळाच्या बाजूला. डांबरी रस्त्यापासून आणि वस्तीच्या कुत्र्यांपासून दूर. किमान तीन बाजूंनी मोकळं, कारण काळवीट नजरेच्या भरवशावर जगतं. वेड्या बाभळीच्या दाटीतल्या पाण्यावर ते बिचकतं आणि पिकातलं उघडं पाणी पसंत करतं. चौथी गोष्ट, टँकर किंवा बैलगाडी तिथपर्यंत जायला हवी. ही चौथी गोष्ट विसरल्यामुळे कित्येक पाणवठे मार्चमध्येच कोरडे पडतात.

बशीसारखा पाणवठा बांधणं

व्यास ३ मीटर, मध्यभागी खोली ३० सेंटिमीटर. यात साधारण सातशे लिटर मावतं. उतार मध्यापर्यंत एकसारखा ठेवा, पाच फुटांना एक फूट. सशाचं पिल्लू किंवा साळुंकी आत पडली तरी चालत बाहेर येते. उभ्या कडांचा हौद कधीही बांधू नका. त्यात पाडसं आणि पक्षी बुडतात.

खोदकाम मध्यभागी ५० आणि कडेला २० सेंटिमीटर करा. तळ पाणी मारून चोपा. त्यावर १० सेंटिमीटर दगडांचं सोलिंग, फटींत मुरूम, पुन्हा चोपणी. मग १:२:४ प्रमाणाचं १० सेंटिमीटर काँक्रीट, मध्ये जाळी टाकून. कडेला १५ सेंटिमीटरचा सपाट काठ धरला तर सगळ्याला साडेपाच ते सहा पोती सिमेंट लागतं. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका, ओला असताना खराट्याने रेघा ओढा. खुर घसरत नाहीत. काठ जमिनीपेक्षा बोटभर उंच ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाचा गाळ आत येत नाही.

चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवून पाणी मारा. घाई केली की एप्रिलच्या उन्हात केसासारख्या भेगा पडतात आणि भरलेलं पाणी रात्रीत जमिनीत जातं. नव्या सिमेंटचं पाणी चुनकट होतं, म्हणून पहिले दोन भराव तीन-तीन दिवस ठेवून उपसून टाका.

बशीत एका बाजूला चपटे दगड रचा, अर्धे पाण्याबाहेर. मधमाश्या आणि छोटी पाखरं त्यावर बसून पितात.

एप्रिल-मेमध्ये रोज १० मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी एवढ्या पृष्ठभागावरून ७० लिटर पाणी उडतं. म्हणून बशी मोठी करू नका. मोठी बशी जास्त पाणी उडवते. गरज वाढली तर अर्धा किलोमीटर लांब दुसरी बांधा. जवळ हजार लिटरची टाकी मीटरभर उंचीवर ठेवून अर्ध्या इंचाच्या नळीने आणि फ्लोट व्हॉल्व्हने पाणी सोडता येतं. नळी एक फूट खोल गाडा, व्हॉल्व्हला काँक्रीटचा झाकणबंद कप्पा करा. रानडुक्कर उघडा व्हॉल्व्ह एका रात्रीत उखडतं.

दर आठ दिवसांनी बशी रिकामी करून खराट्याने घासा आणि दिवसाच्या उन्हात दोन तास कोरडी पडू द्या. साबण, ब्लीच, फिनेल काही नको. भराव शक्यतो दुपारी करा. संध्याकाळी आणि पहाटे जनावरं येतात, तेव्हा माणसाने तिथे नसावं.

पाणवठ्याभोवती मीटरभर रुंद पट्ट्यात बारीक माती पसरा आणि संध्याकाळी फांदीने सारखी करा. सकाळी कोण येऊन गेलं ते कळतं. हरणाचा ठसा टोकदार, दोन पाकळ्यांचा. रानडुकराच्या ठशामागे ओल्या मातीत दोन छोटे ठिपके उमटतात. डुकरांची वर्दळ वाढली की त्या आठवड्यात कुंपणाकडे लक्ष वाढवा.

याच पट्टीवर दुसरी गोष्टही बघायची असते. शिकारी टोळ्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर विष टाकतात किंवा वाटेवर फास लावतात. पाण्याजवळ मेलेले पक्षी, तरंगणारे किडे, पाण्याचा वेगळा वास किंवा रंग दिसला तर कोणालाही पाणी पिऊ देऊ नका. बशीवर काटेरी फांद्या टाका, काही हलवू नका, उपसू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गुरांचं पाणी वेगळं

धनगरांचे कळप या माळांचा भाग आहेत. शेतात मेंढ्या बसवल्याशिवाय इथल्या कित्येक रानांना खत मिळत नाही. पण मेंढ्या-शेळ्यांना आणि काळविटांना एकाच बशीत पाणी नको. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) यांसारखे रोग सामायिक पाण्यावर आणि चरणीवर पसरतात, आणि उपाशी कळपात ते जास्त फैलावतात. मेंढ्यांसाठी वस्तीच्या बाजूला वेगळी डोण भरून ठेवा आणि पावसाळ्याआधीचं लसीकरण झालंय ना ते बघा. कळपाच्या कुत्र्यांना माळावरच्या पाणवठ्याकडे जाऊ देऊ नका. अशक्त झालेली माद्या-पाडसं कुत्र्यांच्या तोंडी सहज सापडतात.

झुडपाखाली एकटं बसलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. आई त्याला तिथे दडवून चरायला जाते आणि परत येते. माणसाच्या हाताने घरी आलेलं पाडस बहुतेक वेळा मरतं, आणि ते पाळणं गुन्हाही आहे.

शेततळी आणि विहिरी

दुष्काळात शेततळी भरून ठेवतात आणि त्याच वेळी ती मृत्यूचे सापळे होतात. पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक घातलेल्या उतारावर ना खुर टिकतो ना माणसाचा पाय. पाणी खाली जाईल तसा उघडा पडलेला उतार वाढतो, म्हणजे तळं रिकामं होताना धोका जास्त. चारही बाजूंना काथ्याचे जाड दोर गाठी मारून पाण्याच्या तळापर्यंत सोडा आणि वरच्या टोकाला पक्क्या खुंट्यांना बांधा. एका कोपऱ्यात जुने टायर दोराने एकमेकांना बांधून शिडीसारखे उतरवा. हरीण, कोल्हा, माणूस सगळ्यांना त्यावर पाय टेकतो. भोवती पाच फूट जाळी हवीच, आणि जाळीबाहेर छोटी बशी. बाहेर पाणी मिळालं की जाळी उचकटायचा प्रयत्न कमी होतो.

विहिरीला तीन फूट कठडा बांधा. ते जमत नसेल तर तूर्त बांबू आणि बाभळीच्या काट्यांचं आळं करा. तरस, खोकड आणि लांडगे रात्री चालताना काठावरून पडतात. जनावर पडलंच तर वरून दगड मारणारी गर्दी हटवा, बाज चारही कोपऱ्यांना दोर बांधून पाण्यात सोडा म्हणजे ते टेकून राहील, आणि वन विभागाची माणसं येईपर्यंत थांबा.

कुंपण दुष्काळात का फसतं

सौर कुंपणाचा झटका जमिनीतून परत येतो तेव्हाच जनावराला बसतो. माती कोरडी ठणठणीत झाली की ही वाट तुटते, आणि यंत्र टकटक करत असताना डुकरं तारेखालून निघून जातात. लोक यंत्राला दोष देतात. दोष अर्थिंगचा असतो. निदान तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, प्रत्येकी पाच-सहा फूट लांब, दहा-दहा फुटांवर ठोका, भोवती कोळसा आणि मीठ भरा, आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकीला बादलीभर पाणी घाला. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे तारा आलटून-पालटून जोडणं: एक झटक्याची, एक अर्थची. दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

डुकरांसाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवी, त्यावर ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटरवर. शेवटच्या टोकाला टेस्टरवर चार हजार व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर कुठेतरी गवत किंवा फांदी टेकली आहे. सरळ विजेच्या लाइनवरून तार सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात दरवर्षी राखणीला आलेली माणसंच मरतात. गावठी बॉम्बचंही तेच. तो डुकराआधी बैलाच्या किंवा मेंढीच्या तोंडात फुटतो.

पैसे नसतील तर जुनी पद्धत अजून चांगली आहे. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईच्या सहा ते नऊ ओळी. काटे धरल्यावर हरणंही त्यात शिरत नाहीत आणि गुरंही. पण काटे यायला दोन महिने लागतात. तोवर करडईची कोवळी पानं हरणं आवडीने खातात. म्हणून करडई मुख्य पिकाच्या आठवडाभर आधी पेरा आणि पहिले साठ दिवस रात्रीची राखण ठेवा.

हरणांनी कोवळा हरभरा खुडला म्हणून लगेच रान मोडू नका. तीस-पस्तीस दिवसांच्या हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतः खुडतो, फांद्या वाढाव्यात म्हणून. ओल शिल्लक असेल तर पीक फुटतं. आठ दिवस बघा. फुटवा दिसला नाही तर मोडा.

नुकसान झालंच तर

रानडुक्कर, हरीण, रोही, माकड, वानर यांनी केलेल्या पीक नुकसानीला राज्य सरकारकडून भरपाई मिळते. अर्ज तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे पोचला पाहिजे. सातबारा, बँक पासबुकाची प्रत आणि ज्यात ठसे व मोडलेलं पीक एकत्र दिसतं असे फोटो जोडा. फोटोत शेतातली ओळखीची खूण, विहीर किंवा झाड, येऊ द्या. पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नका. अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण हेच असतं की पंचनाम्याला माणसं येतात तेव्हा शेत नांगरलेलं असतं.

छावणीसाठी उभा ऊस तोडायचा असेल तर एकाच बाजूने तोडत जा आणि माळाकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा. चारही बाजूंनी तोडलं की मधल्या उसात कोंडलेलं डुक्कर किंवा बिबट्या माणसांवरून धावतो. बिबट्याची पिल्लं सापडली तर त्या भागातलं काम थांबवा, १९२६ वर फोन करा आणि पिल्लं जागच्या जागी राहू द्या. मादी रात्री येऊन ती नेते.

पाऊस आल्यावर

पहिला वळीव पडला म्हणून पाणवठा बंद करू नका. ओढ्यात डबकी टिकायला लागेपर्यंत, साधारण जूनचे दोन आठवडे, बशीत पाणी ठेवा. मग भराव हळूहळू कमी करा. शेवटी बशी घासून कोरडी होऊ द्या, भेगांत सिमेंटचं घट्ट पाणी भरा आणि खोलगट भागात दगड टाकून ठेवा. ज्वारीच्या बुडख्यातून याच दिवसांत कोवळे फुटवे येतात, त्यामुळे रान नांगरून होईपर्यंत गुरं दावणीलाच बांधा.